दप्तराबाहेरची व्याधी

बंगळुराच्या पूर्वेस, कोलारच्या वाटेवर, सुमारे २५ किलोमीटर अंतरावर वसलेले होसकोटे हे गाव मराठी इतिहासाच्या वाचकास सर्वस्वी परके असण्याचे कारण नाही. सुगटूरच्या तम्मेगौडाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे १५९५ च्या सुमारास, कोलारच्या जुन्या कोटाहून वेगळा असा हा नवा कोट उभारला आणि गावालगत जवळजवळ दोन मैल लांबीचा बांध घालून एक विस्तीर्ण तळे निर्माण केले. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाबरोबर दक्षिणेत उतरलेल्या शहाजीराजांनी बंगळूर घेतले, आणि त्यानंतर बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर व शिरे हा मुलूख त्यांच्या जहागिरीत मोडू लागला. १६८७ नंतर मोगलांनी शिरे येथे सुभा स्थापिला तेव्हा त्याच्या सात परगण्यांत होसकोट्याची गणना झाली. पुढे मराठे आणि हैदर यांच्या ओढाताणीत गाव कित्येकदा या हातातून त्या हातात गेले, आणि ऑगस्ट १७६८ मध्ये इंग्रजांच्या साहाय्यास आलेल्या गुत्तीकर मुरारराव घोरपड्यांच्या छावणीवर हैदराने रात्रीचा छापा घातला तो याच गावाजवळ, आणि तो फसला. एवढ्या राजवटी एका गावावरून गेल्या की गावाच्या अंगी कागदाची सवय मुरते. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, कानुगो यांच्या हातांखाली तळ्याच्या पाण्यावर भिजणारी जमीन, इनामे, जकात, बाकी, तगाई, सारे काही रुजू होत राहिले.

परंतु या सरकारी दप्तरास समांतर असे दुसरे एक दप्तर प्रत्येक घरात असे, आणि ते कागदावर नसून घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या स्मरणात असे. कोणत्या मुलीस कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात, कोणत्या वारी न्हाण आले, त्या वेळी तिच्या अंगावर कोणते वस्त्र होते, ती माहेरी होती की सासरी, याचा दाखला या दप्तरात बिनचूक सापडे. पंढरपूरच्या काशीनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये सिद्ध केलेल्या ‘धर्मसिंधू’त प्रथम रजोदर्शनाच्या मास, तिथी, वार, नक्षत्र यांच्या शुभाशुभाचा आणि अशुभ योग पडल्यास करावयाच्या शांतीचा जो सविस्तर विचार आहे, तो पाहिला म्हणजे या घरगुती नोंदीस किती गांभीर्य होते हे ध्यानी येते. होसकोटे, बंगळूर, कोलार या टापूत स्थायिक झालेल्या मराठा घरांतून आणि त्यांच्या कानडी शेजाऱ्यांतून या प्रसंगाचे सोहळे निरनिराळे असले, तरी त्यांचा गाभा एकच होता. मराठी घरांत मुलीला मखरात बसवावे, साखर वाटावी, सासरी वर्दी द्यावी, ओटी भरावी. कानडी शेतकरी घरांत सोदरमामाने हिरव्या पाल्याची झोपडी घालावी, मुलीला त्यात बसवावे, तीळगुळाचे चिगळीचे लाडू खाऊ घालावे, ठरल्या दिवशी न्हाऊ घालून आरती करावी. एका मुलीच्या देहात घडलेली गोष्ट सगळ्या आळीस कळावी अशीच या विधींची योजना होती, आणि ते कळणे हाच त्यांचा हेतू होता. कारण त्या बातमीवर गर्भाधान, नांदणे, वारस, असा संसाराचा सारा पुढचा व्यवहार अवलंबून असे.

ज्या मुलीच्या बाबतीत ही बातमी कधी आलीच नाही, तिचे काय झाले, हा प्रश्न या लेखाचा विषय आहे.

शरीररचनेची बाब थोडक्यात सांगून टाकणे इष्ट. गर्भावस्थेत मुलीच्या उदरात दोन सूक्ष्म नलिका खाली उतरतात, मध्यरेषेवर एकमेकींस मिळतात, आणि त्यांच्या संयोगातून गर्भाशय व योनिमार्गाचा वरचा भाग घडतो. खालचा भाग वेगळ्या उगमापासून वर चढतो, दोहोंच्या भेटीचा भरीव भाग पुढे पोकळ होतो, आणि जन्मापूर्वी योनिमुखावरच्या पातळ पटलास आपोआप छिद्र पडून वाट मोकळी होते. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर याने १८३० मध्ये या नलिकांचे वर्णन केले म्हणून त्यांस त्याचे नाव मिळाले. या दीर्घ घडणीत कोठेही खंड पडला तर वाट बंद राहते. पटलास छिद्रच न पडणे हा त्यातला सर्वात वारंवार आढळणारा आणि सर्वात सोपा प्रकार, हजार-दोन हजार मुलींत एकीस होणारा असे सामान्यतः धरतात. योनिमार्गात उंचावर जाड आडवा पडदा असणे हा त्याहून कितीतरी विरळ, सत्तर-ऐंशी हजारांत एकीचा. आणि गर्भाशय व योनिमार्गाचा मोठा भाग मुळीच न घडणे हा तिसरा, साडेचार-पाच हजारांत एकीस आढळणारा. या तिसऱ्या प्रकाराचे वर्णन १८२९ मध्ये मायर याने आणि त्यानंतर रोकितान्स्की याने केले, आणि विसाव्या शतकात क्यूस्टर व हाउझर यांच्या अभ्यासाने ते पूर्ण झाले, म्हणून वैद्यकाच्या पुस्तकांत या चौघांची नावे एकत्र जोडलेली असतात.

आता यातली क्रूर गोष्ट अशी की पहिल्या दोन प्रकारांत बीजकोश निरोगी असतात, त्यांचे रस वेळेवर स्रवतात, मुलीची उंची वाढते, छाती भरते, चेहऱ्यावर तारुण्याची कळा येते, आणि गर्भाशय आपले मासिक कार्य इमानाने करू लागते. केवळ जे बाहेर पडावयाचे ते बाहेर पडत नाही. होसकोट्याचे तळे ज्याने पावसाळ्यात पाहिले आहे त्याला हे सांगावयास नको: ओढे आपल्या वेळी येत राहतात, आणि मोरी बंद असली तर पाणी बांधाशी चढत जाते. दर महिन्याला दोन-चार दिवस ओटीपोटात कळा येतात, मग थांबतात. पुढच्या महिन्यात त्याच सुमारास पुन्हा येतात आणि अधिक तीव्र येतात. साचलेले रक्त प्रथम योनिमार्ग फुगवते, मग गर्भाशय, मग त्याच्या नलिका. घट्ट, काळपट, तारदार होते. पुढच्या बाजूस मूत्राशयावर आणि मागे मलाशयावर दाब येतो, कंबर धरते, शौचाला त्रास होतो, आणि शेवटी कित्येक मुलींची लघवी एके दिवशी अजिबात तुंबते. आजही पुष्कळदा मुलगी रुग्णालयात येते ती पाळी येत नाही म्हणून नव्हे, लघवी होत नाही म्हणून.

ज्या काळी मुलीचे लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई, त्या काळी या व्याधीचे खरे स्थान मुलीच्या पोटात नसून दोन घरांच्या मधल्या उंबरठ्यावर असे. लग्न झाले, पण न्हाण येईपर्यंत मुलगी माहेरी राहायची. न्हाण आले की ऋतुशांती, गर्भाधान, आणि मग नांदणे. ज्या मुलीचे न्हाण बाराव्या वर्षी आले नाही, चौदाव्या वर्षी आले नाही, सोळाव्या वर्षी आले नाही, तिच्या सासरहून प्रथम चौकशी येई, मग टोमणे, मग मध्यस्थ, आणि अखेरीस मुलाच्या दुसऱ्या लग्नाची अक्षत. विवाहानंतर आठव्या वर्षी वंध्या स्त्रीवर सवत आणण्याची मुभा मनुस्मृतीने दिलेलीच होती. ही मुलगी तर वंध्येच्या पायरीपर्यंतही पोचलेली नसे. सदोष कन्या दोष न सांगता देणाऱ्या पित्यास राजाने ९६ पण दंड करावा असेही तीच स्मृती सांगते, म्हणजे दोष लपविला तर गुन्हा आणि सांगितला तर लग्न नाही, असा हा पेच होता. त्यात बापाने लपविण्यासारखे काही जाणून घेतलेले असावे हे गृहीतच मुळी खोटे. मुलगी आठ वर्षांची असताना त्या पडद्याची वार्ता तिच्या आईलाही नसे.

याहून भयंकर शक्यता दुसरी होती. साचलेल्या रक्ताने फुगलेले गर्भाशय बेंबीपर्यंत चढले म्हणजे पोट दिसू लागते, पाळी तर नाहीच, आणि मुलगी अविवाहित किंवा बालविधवा असली तर शेजाऱ्यापाजाऱ्यांना जो अर्थ लावावयाचा तो त्यांनी लावून टाकलेला असे. अशा मुलींना गर्भवती समजून त्यांच्यावर आळ आल्याचे उल्लेख वैद्यकीय वाङ्मयात वारंवार येतात, आणि ते केवळ एका देशातले नाहीत. बालविधवेच्या माथ्यावर हा आळ आला म्हणजे वपनाच्या आणि अन्न-वस्त्राच्या त्रासात ही एक भर पडत असे, आणि तिचा निर्दोषपणा तिच्याच देहात, कोणास दिसणार नाही अशा ठिकाणी, महिन्यामहिन्याने साचत असे.

आपल्या प्राचीन वैद्यांना हा गोंधळ ठाऊक नव्हता असे मात्र म्हणता येणार नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात रक्तगुल्माचे वर्णन आहे: केवळ स्त्रियांनाच होणारा, ज्यात आर्तव बंद होते, पोट वाढते, डोहाळ्यांसारखी लक्षणे दिसतात, गोळा सबंध स्पंद पावतो पण त्यात गर्भाच्या अवयवांची हालचाल जाणवत नाही; आणि अशा स्त्रीस गर्भ नसताना गर्भिणी म्हणणाऱ्यांना ग्रंथकार स्पष्ट शब्दांत मूढ म्हणतो. त्याची चिकित्सा दहावा महिना उलटल्यावरच करावी असा जो दंडक त्याच संहितेत घातला आहे, तो व्यवहारदृष्ट्या फार शहाणपणाचा आहे, कारण घाई केली आणि गर्भच निघाला तर अनर्थ होईल. हा रक्तगुल्म म्हणजेच आपण वर वर्णिलेली व्याधी, असे ठोकून सांगणे मात्र धाडसाचे ठरेल; चरकाच्या मनात त्याची कारणे ऋतुकाळातील उपवास, भय, वेगावरोध अशी आहेत, आणि त्यात पुष्कळ निरनिराळे विकार एकवटले असावेत. परंतु पोट वाढलेल्या, पाळी नसलेल्या स्त्रीकडे पाहताना वैद्याने लोकांचा तर्क बाजूस ठेवावा, हा त्यातला विवेक सर्व काळी उपयोगाचा आहे.

अधिक जवळची गोष्ट योनिव्यापदांच्या, म्हणजे स्त्रीच्या जननमार्गाच्या विकारांच्या, प्रकरणात आहे. वीस योनिव्यापदांत सूचीमुखी किंवा सूचीवक्त्रा नावाची एक आहे, जिचे मुख अत्यंत संकुचित असते. चरक तिचे कारण गर्भवतीच्या वातकारक आहारविहारात शोधतो, म्हणजे दोष जन्मजात आहे एवढे तो अचूक ओळखतो आणि त्याचा भार मात्र मातेवर टाकतो. दुसरी षण्ढी, जिला आर्तवही नाही आणि स्तनही नाहीत. तिचे मूळ बीजदोषात आहे असे म्हटले आहे. सुश्रुताने सूचीवक्त्रेस त्रिदोषज आणि असाध्य अशा पाच व्यापदांत बसविले आहे. येथे मला सुश्रुताशी, त्याच्याविषयी पूर्ण आदर राखून, भांडावेसे वाटते. कारण त्याच सुश्रुताने क्षुद्ररोगांच्या प्रकरणात पुरुषाच्या शिश्नाग्राची त्वचा घट्ट बसून वाट बंद होण्याच्या निरुद्धप्रकश नावाच्या विकाराचे वर्णन केले आहे, आणि त्यासाठी लोहाची, लाकडाची किंवा लाखेची दोन्ही तोंडांनी उघडी नळी तुपाने माखून आत घालावी आणि दर तिसऱ्या दिवशी तिच्याहून जाड नळी घालून वाट हळूहळू रुंद करावी, असा अत्यंत सूक्ष्म उपाय सांगितला आहे. नळी होती, शस्त्र होते, वाट रुंद करण्याची कल्पना होती. स्त्रीच्या वाटेपाशी येताच ग्रंथ ‘असाध्य’ म्हणून थांबतो. हात अपुरा पडला असे म्हणवत नाही. त्या अवयवाची वैद्याने प्रत्यक्ष तपासणी करण्याचे प्रसंगच विरळा येत असावेत, आणि जे पाहिले जात नाही त्यावर शस्त्र चालत नाही, असा माझा तर्क आहे.

हा तर्क निराधार नाही, कारण अन्यत्र ज्या ठिकाणी कोणी पाहिले तेथे उपाय फार पूर्वीच सापडलेला दिसतो. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने प्राण्यांच्या उत्पत्तीविषयीच्या ग्रंथात अशा स्त्रियांचा उल्लेख केला आहे की ज्यांच्या गर्भाशयाचे मुख जन्मापासून बंद होते, पाळीचा काळ येताच त्यांना वेदना सुरू झाल्या, काहींची वाट आपोआप फुटली, काहींची वैद्यांनी कापून मोकळी केली, आणि जेथे ती जोराने फोडली गेली किंवा फुटूच शकली नाही तेथे काही जणी दगावल्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमच्या सेल्ससने शस्त्राची रीतही दिली: पडद्यावर दोन छेद एकमेकांस छेदून जातील असे, फुलीच्या आकाराचे, घ्यावेत. दोन हजार वर्षांनंतर आज शल्यज्ञ जो छेद घेतो त्यातही ही फुली आहेच.

दहाव्या-अकराव्या शतकांच्या संधिकाळी कुर्तुब्याच्या अल्-झहरावीने या विषयाला स्वतंत्र प्रकरण दिले: पडदा पातळ असेल तर तो बोटांनी फाडावा, जाड असेल तर मेंदीसारख्या पानाच्या आकाराच्या पात्याने छेदावा, आणि जखम पुन्हा जुळू नये म्हणून वात ठेवावी. त्याच ग्रंथात, स्त्रियांच्या मूतखड्याविषयी लिहिताना, त्याने एक अडचण इतक्या प्रांजळपणे नोंदवली आहे की ती वाचताना एकोणिसाव्या शतकातील मुंबई-पुण्याची आठवण व्हावी. कुलवती स्त्री परपुरुषास देह दाखवीत नाही, ही विद्या जाणणारी स्त्री मिळत नाही, तेव्हा वैद्याने सुईणीस समोर बसवून, ती काय चाचपते ते विचारीत, तिच्या हातून काम करून घ्यावे, असा त्याचा सल्ला आहे. शस्त्राला लागणारे ज्ञान एकाकडे, आणि पाहण्याचा अधिकार दुसरीकडे, ही विभागणी हेच या व्याधीच्या इतिहासाचे खरे सूत्र होय.

मग आपल्या गावोगावच्या सुईणींचे काय, अशी शंका येथे घेता येईल. म्हैसूर मुलखात तिला सूलगित्ती म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातील पावगड तालुक्याच्या नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा ‘सूलगित्ती’ हे त्यांच्या नावापुढचे बिरुद सगळ्या देशाने ऐकले. सुईणीची बोटे अनुभवी होती यात संशय नाही, परंतु ती बोटे जिच्यापर्यंत पोचत ती स्त्री विवाहित आणि गरोदर असे. जी गरोदर राहूच शकत नव्हती तिच्यासाठी सुईणीस बोलावणे कोणाच्या मनात यावे? उलट अविवाहित मुलीकडे सुईण आली एवढी वार्ताच तिची अब्रू घालविण्यास पुरेशी होती. म्हणून गोळा उठला म्हणावे, गरम वाळूचा शेक द्यावा, ओवा-हिंग पोटात घालावा, बाहेरची बाधा समजून अंगारा लावावा, आणि कळा दोन-चार दिवसांत ओसरल्या की उपायास गुण आला असे समजावे, हे चक्र चालू राही. कळा ठरल्या दिवसांनी आपोआप ओसरतच असत, त्यामुळे प्रत्येक उपाय यशस्वी ठरे.

एकोणिसाव्या शतकात युरोपीय शस्त्रवैद्यक या देशात आले तेव्हा त्याच्याकडेही या बाबतीत अभिमानाने सांगण्यासारखे फार नव्हते. पडदा छेदणे अवघड नव्हते, छेदल्यानंतर जगणे अवघड होते. महिनोन् महिने साचलेले रक्त म्हणजे जंतूंना पोसणारे उत्तम अन्न. त्यास बाहेरची वाट मिळाली की ज्वर, पू आणि उदरपटलाचा दाह होऊन रोगिणी आठ-दहा दिवसांत जाई, किंवा फुगलेली नलिका फुटून आतल्या आत मृत्यू येई. त्यामुळे रक्त एकदम काढावे की थोडे थोडे, छेद लहान असावा की मोठा, यावर विद्वानांत तुंबळ वाद चालत. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुघ्न शस्त्रक्रियेचा पुरस्कार केला आणि या वादातली हवा निघून गेली. रुंद छेद घ्यावा, रक्त आपोआप वाहू द्यावे, आत हात-उपकरणे फार घालू नयेत, ही आजची रीत तेथून रूढ झाली.

तरीही पाहण्याचा अधिकार असलेला डोळा हवाच होता, आणि तो या देशास स्त्री-डॉक्टरांच्या रूपाने मिळाला. १८८३ मध्ये बंगालमधील श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशांनी आपण अमेरिकेस का जातो हे सांगताना स्त्री-वैद्यांच्या अभावावरच भर दिला. १८८६ मध्ये त्या फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, एकही वर्ष व्यवसाय न करता, पुण्यात निवर्तल्या. १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पोचविण्यासाठी डफरिन निधीची स्थापना झाली, १८८६ मध्ये मुंबईत केवळ स्त्रियांसाठी कामा रुग्णालय उघडले, आणि जिच्या खटल्याने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला त्या रखमाबाईंनी विलायतेत डॉक्टर होऊन सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ स्त्रियांची रुग्णालये चालविली. म्हैसूर संस्थानाकडे पाहिले तर बंगळुरात बाउरिंग रुग्णालय १८६८ चे, ख्रिस्ती भगिनींचे सेंट मार्था १८८६ चे, व्हिक्टोरिया १९०० चे, आणि स्त्रिया व मुले यांच्यासाठी खास बांधलेले वाणीविलास १९३५ चे. होसकोट्याची मुलगी बैलगाडीतून तेथे नेणे अशक्य नव्हते. एका दिवसाची वाट होती. नेण्याचा निर्णय घरात कोणी घ्यावा, एवढाच प्रश्न होता.

याच काळात मुलीची पाळी हा विषय एकाएकी सार्वजनिक सभांतून आणि वृत्तपत्रांतून गाजू लागला ही एक विलक्षण गोष्ट आहे. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने ते वय दहावरून बारावर नेले, आणि त्यावर जे रण माजले त्यात ‘केसरी’कारांनी सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला, तर डॉ. भांडारकरांनी शास्त्राधार काढून कायद्याची बाजू घेतली; त्याआधी १८९० मध्ये पंचावन्न स्त्री-डॉक्टरांनी बालपत्नींवर झालेल्या शारीरिक आघातांची प्रकरणे व्हाइसरॉयसमोर अर्जाद्वारे मांडली होती. म्हैसूर संस्थानाने तर १८९४ मध्ये आठ वर्षांखालील मुलींच्या विवाहास कायद्यानेच बंदी केली, आणि चौदा वर्षांखालील मुलीशी पन्नाशी उलटलेल्या पुरुषाने लग्न करण्यासही. या साऱ्या वादाचा रोख पाळी किती लवकर येते, बाराव्या वर्षाआधी ती आल्यास गर्भाधान चुकेल काय, यावर होता. न येणाऱ्या पाळीस त्या रणधुमाळीत जागा नव्हती, आणि वादाचे स्वरूप पाहता ते साहजिकही होते. परंतु त्या वादाचा एक अप्रत्यक्ष लाभ या मुलींना झाला तो असा की लग्नाचे वय जसजसे वर सरकत गेले तसतशी ही व्याधी लग्नाआधी, आईच्या घरात असतानाच, प्रकट होऊ लागली. १९२९ च्या सारडा कायद्यानंतरच्या दोन पिढ्यांत व्याहीघरचे भांडण पुष्कळ अंशी मिटले आणि तेथे मायलेकींच्या चिंतेचा प्रश्न उरला. समाजसुधारणेचे असे अनपेक्षित फायदे इतिहासकार क्वचितच हिशेबात धरतात.

न्यायालयांतही या देहरचनेने आपला माग ठेवला आहे. १८४५ मध्ये लंडनच्या धर्मन्यायालयात डॉ. लशिंग्टन यांच्यापुढे आलेल्या एका दाव्यात पत्नीचा योनिमार्ग अपूर्ण असल्याने विवाह पूर्णत्वास जाऊ शकत नाही, हे कारण मान्य होऊन तो रद्दबातल ठरविण्यात आला, आणि त्या निकालातील ‘पूर्ण संबंध’ कशास म्हणावे याची चर्चा भारतीय न्यायालयांतही पुढे शंभर वर्षे उद्धृत होत राहिली. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात नपुंसकत्वाचा जो आधार आहे तो स्त्रीसही लागू होतो. मूळ शब्दरचनेत हे वैगुण्य विवाहसमयी असून दावा दाखल होईपर्यंत टिकलेले असावे अशी अट होती, म्हणजे मधल्या काळात शस्त्रक्रियेने दोष दूर झाला तर आधारच नाहीसा व्हावा. १९७६ च्या दुरुस्तीने ती रचना बदलली. कायद्याने येथे वैद्यकाची प्रगती गृहीत धरली होती, पण दाव्यातील पक्ष शस्त्रक्रियेपेक्षा फारकतीची घाई करीत, हे वकिलांस सांगावयास नको.

विसाव्या शतकात ज्ञान झपाट्याने वाढले. १९२७ मध्ये अमेरिकन शल्यज्ञ सॅम्पसन याने पाळीचे रक्त नलिकांतून उलट्या दिशेने उदरात जाऊन गर्भाशयाच्या अस्तराचे कण तेथे रुजतात असा सिद्धान्त मांडला. वाट बंद असलेल्या मुलींच्या उदरात नेमके हेच आढळावे, आणि वाट मोकळी केल्यावर पुष्कळदा ते आपोआप निवळावे, ही त्याच्या बाजूची बळकट साक्ष होती. १९३८ मध्ये फ्रँक याने शस्त्राविना, क्रमाक्रमाने वाढत्या जाडीच्या साधनांनी दाब देऊन योनिमार्ग घडविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि तिच्यात सुश्रुताच्या नळीचे तत्त्व, हजारो वर्षे उशिरा का होईना, स्त्रीच्या कामी आले. १९५८ मध्ये ग्लासगोच्या इयान डोनाल्डने ध्वनिलहरींनी उदरातील गाठी पाहता येतात असे दाखविले, आणि येथे मात्र जुनी कोंडी खऱ्या अर्थाने फुटली. मुलीचे वस्त्र न काढता, पोटावर यंत्र फिरवून, आत रक्त साचले आहे की नाही आणि कोठे, हे कोणाही डॉक्टरास कळू लागले. अल्-झहरावीच्या सुईणीचे काम यंत्र करू लागले.

एका प्रकाराने मात्र यंत्र येण्यापूर्वी भल्याभल्या डॉक्टरांना चकविले आहे. काही मुलींत गर्भाशये दोन असतात आणि त्यांतील एकाचीच वाट बंद असते. दुसऱ्यातून पाळी नियमित येते, आणि एका बाजूस कळा मात्र वाढत जातात. पाळी येते आहे म्हटल्यावर अडथळ्याचा संशय कोणास यावा? त्या मुलीस नाजूक म्हणावे, लग्न झाले की बरे वाटेल म्हणावे. अशा मुलीचे बंद बाजूचे मूत्रपिंड बहुधा जन्मतःच नसते, ही खूण आता शिकविली जाते, आणि मूत्रपिंड एकच दिसले की गर्भाशयाकडे पाहण्याची रीत पडली आहे.

होसकोट्यात आज महामार्गालगत एमव्हीजे वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे. २००१ मध्ये ते सुरू झाले, आणि ज्या मुलीस पूर्वी बंगळुरास न्यावे की न न्यावे असा घोळ होई तिची तपासणी आता गावातच होऊ शकते. पडद्यास छिद्र नसण्याचा सोपा प्रकार असेल तर शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची असते, मुलगी लवकरच घरी जाते, आणि पुढे तिला मूल होण्यास सहसा अडचण येत नाही. जाड आडव्या पडद्याचे काम निराळे. तो खालून आंधळेपणाने कापला तर व्रण आकसून वाट पुन्हा बंद होते, म्हणून आधी चुंबकीय प्रतिमा काढून पडद्याची जाडी मोजतात. आणि जिला गर्भाशयच नाही तिच्यासाठी महाराष्ट्राने एक पाऊल टाकले आहे: मे २०१७ मध्ये पुण्याच्या गॅलक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने देशातील पहिले गर्भाशयरोपण केले, ते जन्मतः गर्भाशय नसलेल्या एका तरुणीवर, तिच्या आईच्या गर्भाशयाचे. चरकाने मातेवर टाकलेला दोष आठवला म्हणजे या देणगीचे मोल वेगळेच वाटते.

एक गोष्ट मात्र आजही शल्यज्ञाच्या टेबलापर्यंत येते. पटल छेदावयाचे आहे असे सांगताच मुलीचे आईवडील विचारतात की लग्नाच्या वेळी याचा त्रास होणार नाही ना, आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया झाल्याचा लेखी दाखला द्यावा, तो जपून ठेवू, असा आग्रह धरतात. ही चिंता केवळ आपल्याकडची नाही. तुर्कस्तानातील शल्यज्ञांनी या शतकाच्या आरंभी फुलीच्या छेदाऐवजी पटलाच्या मध्यभागी लहानसे छिद्र पाडून त्यातून लघवीची रबरी नळी आत घालावी, तिचा फुगा आत फुगवून ती दोन आठवडे तशीच ठेवावी, आणि छिद्र भरून न येता पटलाची कड शाबूत राहावी, अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. तिचे फल चांगले आहे आणि ती निरुपद्रवीही आहे. पण तिचा शोध रोगिणीच्या प्रकृतीसाठी लागला नाही, तिच्या भावी सासरसाठी लागला. सेल्ससला फुली आखताना ही अडचण विचारात घ्यावी लागली नव्हती.